मोठ्या सोहळ्यांचे प्रेस फोटो : कॅमेऱ्यामागे काय काय घडतं?

छायाप्रकाश (धागाकर्ता)

ऑलिंपिकमधली शर्यत संपते न संपते तोच तिचा फोटो जगभर पोचलेला असतो. तो पाहून सगळे म्हणतात, "काय अचूक क्षण टिपलाय!" टिपलाय हे खरंच. पण मी बरीच वर्षं मैदानावर आणि फोटो डेस्कवर (आलेले फोटो निवडून, तपासून पुढे पाठवणाऱ्या विभागात) अशा दोन्ही ठिकाणी काम केलं आहे, आणि मला मनापासून वाटतं की त्या एका क्षणाचं कौतुक करताना त्याच्या आधीचं आणि नंतरचं काम कुणाच्या लक्षातच येत नाही. मोठ्या सोहळ्याचा फोटो निम्म्याहून अधिक आधीच ठरलेला असतो. उभं कुठे राहायचं, उजेड कुठून येणार, पाहुणा कोणत्या दाराने बाहेर पडणार, केबल कुठून येणार, पलीकडे फोटो कोण उघडणार. त्याविषयी बोलावं म्हणून हा धागा.

सुरुवात जागेपासून करतो. बॉक्सिंगचा तो फोटो बहुतेकांनी पाहिला असेल : सोनी लिस्टन आडवा पडलाय आणि मुहम्मद अली हात आखडून त्याच्यावर ओरडतोय. २५ मे १९६५, अमेरिकेतल्या मेन राज्यातलं लुइस्टन. फोटो नील लायफरचा, वय तेव्हा २२. नीट पाहिलंत तर अलीच्या दोन पायांमधून रिंगच्या पलीकडे बसलेला आणखी एक फोटोग्राफर दिसतो. तो हर्ब शार्फमन, लायफरसारखाच 'स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड'साठी आलेला आणि त्याच्यापेक्षा कितीतरी अनुभवी. त्याच्या वाट्याला अलीची पाठ आली. लिस्टन कुठे पडणार हे कुणाच्याच हातात नव्हतं. पण लायफरने आपले फ्लॅश रिंगच्या वर आधीच टांगून ठेवले होते. एकदा चमकले की पुन्हा चार्ज व्हायला त्यांना वेळ लागायचा, त्यामुळे अशा क्षणी एकच फ्रेम हाती होती, आणि ती त्याने राखून ठेवली होती. एपी (असोसिएटेड प्रेस) या वृत्तसंस्थेच्या जॉन रूनीनेही जवळजवळ त्याच कोनातून, जवळजवळ तोच क्षण कृष्णधवल फिल्मवर घेतला. दोन माणसं, दोन संस्था, एकच बाजू.

पुढच्या वर्षी, १४ नोव्हेंबर १९६६ ला, ह्यूस्टनच्या अॅस्ट्रोडोममध्ये अली आणि क्लीव्हलँड विल्यम्सची लढत झाली. त्यात लायफरने कॅमेराच रिंगच्या डोक्यावर टांगला आणि स्वतः खाली रिंगपाशी बसला. वरून दिसणारा पांढरा चौकोन, त्यात उताणा पडलेला विल्यम्स आणि कोपऱ्याकडे निघालेला अली. हा फोटो प्रतिस्पर्धी फोटोग्राफरांना बाहेरून सुचणारच नव्हता, कारण तो दिव्यांच्या सांगाड्यावर चढून आधी मनात पाहावा लागत होता.

आज हे रिमोट कॅमेरे सगळीकडे असतात. बास्केटबॉलच्या बोर्डमागे, फुटबॉलच्या जाळ्यामागे जमिनीला टेकवून, तलावाच्या तळाशी, छताखालच्या अरुंद पुलावर (कॅटवॉकवर). २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये एजन्सींनी छताला फिरते रोबोटिक कॅमेरे लावले आणि खालून जॉयस्टिकने चालवले. यातलं सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं काम म्हणजे सुरक्षा-तार. छतावर चढवलेल्या प्रत्येक वस्तूला, कॅमेऱ्याच्या बॉडीला वेगळी, लेन्सला वेगळी अशी स्टीलची तार बांधायची. खिशातली नाणी, पेन, मोबाइल खाली ठेवून मगच वर चढायचं. लेन्सचं फोकस ठरलं की तिच्या फिरत्या कड्यावर टेप चिकटवायची, म्हणजे कंपनाने ते सरकणार नाही. आणि रेडिओ ट्रिगरच्या (दुरून शटर चालवणाऱ्या यंत्राच्या) चॅनेलची आपसांत वाटणी करायची. ती झाली नाही तर शेजाऱ्याने बटण दाबलं की तुमचा कॅमेरा फटाफट चालू लागतो आणि खरा क्षण येईपर्यंत कार्ड भरून जातं. हे सगळं प्रेक्षकांना दार उघडण्याआधी संपलेलं असतं.

प्रश्न विचारा, जमेल तसं लिहितो. या क्षेत्रातले आणखी कुणी असतील तर त्यांनीही भर घालावी.

निशिगंध

सुंदर धागा. लिस्टनच्या फोटोतला तो पायांमधला माणूस मी कधीच पाहिला नव्हता, आत्ता शोधून पाहिला!

दोन प्रश्न. पास मिळाला की कुठेही उभं राहता येतं का? आणि फोटो इतक्या लवकर पोचतो कसा? मेमरी कार्ड काढून लॅपटॉपला लावायचं म्हटलं तरी दोन-तीन मिनिटं जातात.

छायाप्रकाश

@निशिगंध, पासने फक्त फाटक उघडतं. ऑलिंपिकच्या अधिस्वीकृतीपत्रावर वर्ग छापलेला असतो. 'ई' म्हणजे लिहिणारा पत्रकार, 'ईपी' म्हणजे फोटोग्राफर, आणि एकाच खेळापुरता आलेला असेल तर 'ईपीएस'. मैदानात शिरताना अंगावर नंबर असलेलं जॅकेट लागतं. ज्या फायनलला झुंबड असते तिथे याशिवाय वेगळं तिकीट लागतं, आणि ती तिकिटं मोजकीच असतात. कोण कुठे बसेल हे त्या स्टेडियमचा फोटो मॅनेजर बघतो. तो बहुधा स्वतः जुना फोटोग्राफर असतो, त्यामुळे त्याला गंडवता येत नाही आणि त्याच्याशी भांडण्यातही अर्थ नसतो. १०० मीटरच्या फायनलला अंतिम रेषेसमोरच्या पायऱ्यांवर जागा मिळण्यासाठी लोक संध्याकाळच्या शर्यतीला दुपारीच जाऊन बसतात.

वेगाबद्दल. कार्ड काढण्याचा प्रश्नच येत नाही. बसायच्या जागेवर नेटवर्कची केबल आलेली असते, ती थेट कॅमेऱ्यात जाते. केबल नसेल तिथे वायफाय किंवा मोबाइलचं नेटवर्क. बहुतेक जण सगळ्या फ्रेम पाठवत नाहीत. कॅमेऱ्याच्या मागे पाहून चांगल्या दोन-तीन फ्रेमवर खूण करतात, तेवढ्याच जातात. पलीकडे, कधी त्याच इमारतीत तर कधी दुसऱ्या खंडात, एक संपादक ती उघडतो. तो क्रॉप करतो, उजेड सारखा करतो, दुसरा कॅप्शन तपासतो आणि फोटो ग्राहकांकडे रवाना होतो.

कॅप्शनची एक युक्ती सांगण्यासारखी आहे. 'फोटो मेकॅनिक' नावाचं सॉफ्टवेअर जवळजवळ सगळे वापरतात. त्यात आधीच यादी भरून ठेवायची : या संघाचा १० नंबर म्हणजे हा खेळाडू, याच्या नावाचं अचूक स्पेलिंग असं. मग सामना चालू असताना संघाचा कोड आणि जर्सीचा नंबर टाइप केला की पूर्ण नाव आणि देश आपोआप उमटतो. ही यादी आदल्या रात्री तयार झालेली असते. दोन मिनिटांत फोटो गेला असं आपण म्हणतो, त्यात ती आदली रात्र धरायला हवी.

टेकडीवरचा

जुन्या काळातला माणूस आहे, म्हणून थोडं मागे जातो.

एपीची वायरफोटो सेवा १ जानेवारी १९३५ ला सुरू झाली. तारेवरून गेलेला पहिला फोटो एका विमान अपघाताचा होता. तेव्हापासून आम्ही हे काम सोडेपर्यंत तत्त्व एकच : प्रिंट एका फिरत्या ड्रमवर गुंडाळायची, उजेडाचा ठिपका तिच्यावरून सरकत जाणार आणि काळ्या-पांढऱ्याचे चढउतार टेलिफोनच्या लाइनवरून आवाज होऊन जाणार. एका कृष्णधवल फोटोला कित्येक मिनिटं लागत. रंगीत असेल तर तीन रंगांची तीन वेगवेगळी प्रक्षेपणं, म्हणजे तिप्पट वेळ. मध्येच लाइनवर खरखर झाली की फोटोवर आडवा पट्टा, आणि पुन्हा पहिल्यापासून.

फिल्म कुठे धुवायची? हॉटेलच्या न्हाणीघरात. दाराच्या फटीला टॉवेल लावायचा, दिव्यावर काळा कागद, रसायनं बेसिनच्या कडेला, आणि फिल्म वाळवायला हेअर ड्रायर. दौऱ्यावर कॅमेऱ्यांच्या बॅगेपेक्षा या सामानाची पेटी जड असायची. आणि मैदानावरून फिल्मचे रोल न्यायला मोटारसायकलवरचा माणूस उभा. सामन्याच्या कितव्या मिनिटाला शेवटचा रोल पाठवायचा हे अंकाच्या वेळेवरून ठरत असे. त्यानंतर झालेला गोल आमच्या पेपरापुरता झालाच नाही असं समजायचं.

छायापत्रकार होमाई व्यारावालांची आठवण इथे काढायलाच हवी. स्पीड ग्राफिकसारखा अवजड कॅमेरा, एका होल्डरमध्ये दोनच फिल्म, फ्लॅशचा बल्ब दर फोटोनंतर बदलायचा. अशा साधनांनी त्यांनी १६ ऑगस्ट १९४७ चं लाल किल्ल्यावरचं पहिलं ध्वजारोहण टिपलं. सभोवती सगळे पुरुष, आणि त्या एकट्या साडी सावरून काम करताहेत. एकेक फ्रेम खर्च करण्याआधी माणूस किती वाट पाहत असेल याचा विचार करा.

रानवारा

टेकडीवरचा यांच्या प्रतिसादाला +१. पण त्यातूनच माझी शंका येते. तेव्हा दोन फ्रेममध्ये काम करायचे, ते कौशल्य. आता कॅमेरा सेकंदाला १२० फ्रेम घेतो, डोळ्यावर फोकस आपोआप धरतो, बटण दाबण्याआधीचे क्षणही साठवून ठेवतो. मग राहिलं काय? बटण दाबून ठेवायचं आणि नंतर बरा निवडायचा. रागावू नका, प्रामाणिकपणे विचारतोय.

छायाप्रकाश

@रानवारा, रागावण्यासारखं काही नाही, हा प्रश्न आमच्यातही चालतो.

सेकंदाला १२० म्हणजे पाच सेकंदांत ६०० फ्रेम. पलीकडचा संपादक त्या बघत बसला तर प्रतिस्पर्धी एजन्सीचा फोटो आधी जातो. त्यामुळे कामाचे फोटोग्राफर हा वेग राखूनच वापरतात. आणि वेग कितीही असो, लेन्स कोणती लावायची, शटर किती ठेवायचं (म्हणजे उजेड किती क्षण आत घ्यायचा) आणि मुळात कॅमेरा कुठे धरायचा, हे माणसालाच ठरवावं लागतं.

१३ जुलै २०२४, बटलर, पेनसिल्व्हेनिया. ट्रम्प यांच्या सभेत गोळीबार झाला. न्यूयॉर्क टाइम्सचे डग मिल्स स्टेजच्या पायथ्याशी होते. त्यांच्या एका फ्रेममध्ये ट्रम्प यांच्या डोक्यामागे हवेत गोळीची रेघ दिसते. कॅमेरा सेकंदाला ३० फ्रेमवर होता, हे खरं. पण शटर १/८००० सेकंद होतं. वाइड लेन्स, अॅपर्चर (लेन्सचं छिद्र) जवळजवळ पूर्ण उघडं आणि भर उन्हाची वेळ, त्यामुळे शटर तितकं वर गेलेलं. ते कमी असतं तर त्या रेघेचा मागमूसही लागला नसता.

त्याच दिवशी एपीच्या इव्हान व्हुची यांनी झेंड्याखाली मूठ उंचावलेला तो फोटो घेतला. गोळ्यांचा आवाज आल्यावर ते आधी स्टेजकडे धावले, आणि मग यांना इथून कोणत्या बाजूने बाहेर नेतील असा विचार करून दुसऱ्या बाजूला गेले. इतक्या गोंधळातही त्यांच्या डोक्यात जागेचाच हिशोब चालू होता. कॅमेऱ्यात कितीही फ्रेम असल्या तरी माणसाचे पाय त्या बाजूला वळवण्याचं काम कॅमेरा करत नाही.

उलट टोकाचं उदाहरण रिओ ऑलिंपिकचं. १४ ऑगस्ट २०१६, १०० मीटरची सेमीफायनल, युसेन बोल्ट मागच्यांकडे बघून हसतोय आणि बाकी सगळं धूसर. गेटी या फोटो एजन्सीचा कॅमेरॉन स्पेन्सर आणि रॉयटर्स या वृत्तसंस्थेचा काई फाफेनबाख, दोघांकडे हा क्षण आहे. असा फोटो शटर मुद्दाम संथ करून, धावणाऱ्याबरोबर कॅमेरा फिरवत घ्यावा लागतो. तो फसण्याचीच शक्यता जास्त. फायनलला हा धोका कुणी सहज पत्करत नाही, म्हणून सेमीफायनलमध्ये पत्करला जातो. शर्यतींच्या वेळापत्रकात कुठे धोका परवडतो हे कळणं, याला मी कौशल्य म्हणतो.

चौकट

पॅरिस २०२४ च्या १०० मीटर फायनलला तर अंतिम रेषेवरच्या फोटोग्राफरांची कसोटीच लागली असेल ना? नोआ लाइल्स ९.७८४ आणि किशेन थॉम्पसन ९.७८९. खुद्द लाइल्सलाही आपण जिंकलो असं वाटलं नव्हतं. निकाल त्या फोटोग्राफरांच्याच फोटोवरून लावतात का?

छायाप्रकाश

@चौकट, नाही, ती पूर्ण वेगळी यंत्रणा आहे. निकालाचा फोटो-फिनिश कॅमेरा अधिकृत वेळ राखणाऱ्यांचा असतो आणि तो फक्त अंतिम रेषेची बारीक उभी फट पुन्हा पुन्हा टिपतो. पॅरिसला ओमेगाचा कॅमेरा सेकंदाला ४०,००० वेळा ती फट टिपत होता. म्हणून त्या चित्रात धावपटू ताणलेले-वाकडे दिसतात. त्या चित्रात आडव्या दिशेला अंतर नसून वेळ असतो.

प्रेसच्या माणसाला निकाल तुमच्याबरोबरच कळतो. अशा शर्यतीत समोरून कुणावर फोकस धरायचा हा जुगार असतो. म्हणून एजन्सी माणसं वाटून देते : एक आघाडीवर असेल त्याच्यावर, एक सगळी रांग येईल असा, एक रेषेच्या पुढे आनंद किंवा निराशा टिपायला, आणि रिमोट वेगळे. एकटा फ्रीलान्सर मात्र एकच डाव खेळू शकतो.

सांजवात

मी रेड कार्पेट, पत्रकार परिषदा, मैफिली असं काम करते, म्हणून थोडी भर.

रेड कार्पेटवर तुमची जागा म्हणजे जमिनीवर चिकटवलेल्या टेपचा एक तुकडा, त्यावर तुमच्या संस्थेचं नाव. पहिली रांग बसलेली किंवा गुडघ्यावर, दुसरी उभी, तिसरी घडीच्या शिडीवर. माझी उंची कमी आहे, त्यामुळे शिडी हे माझं लेन्सइतकंच महत्त्वाचं साधन. कानच्या चित्रपट महोत्सवात संध्याकाळच्या कार्पेटवर फोटोग्राफरलाही टक्सिडो किंवा तशाच औपचारिक पोशाखात यावं लागतं. जड सामान घेऊन, तास न् तास, त्या कपड्यांत.

लोकांना आमचा ओरडा उद्धट वाटतो. तो असतोही. पण कलाकार आपल्याकडे एक सेकंद बघतो, आणि नजर भिडलेला फोटोच विकला जातो. म्हणून चाळीस जण एकदम नाव पुकारतात. जे अनुभवी असतात ते उलट करतात : गलका ओसरला की शांतपणे एकदाच नाव घेतात. तेव्हा माणूस हमखास वळतो.

मैफिलीत बहुतेक ठिकाणी नियम ठरलेला असतो : पहिली तीन गाणी, फ्लॅश नाही, मग पिट (मंचासमोरची फोटोग्राफरांची जागा) रिकामा करा. त्याआधी सही करायला एक करार समोर ठेवतात. तो वाचायलाच हवा, कारण काही करारांत फोटोचे सगळे हक्क कलाकाराच्या कंपनीकडे जातात. मी असे करार परत केले आहेत आणि ते काम सोडलं आहे.

आवाज हा आणखी एक विषय. आरशाच्या कॅमेऱ्याचा खटका शांत सभागृहात थेट व्यासपीठावर ऐकू जायचा. गोल्फमध्ये खेळाडूने चेंडू मारण्याआधी खटका वाजला तर तुम्हाला बाहेर काढत. सिनेमाच्या सेटवर तर कॅमेऱ्याला पेटीसारखं आवाजरोधक आवरण घालायचे. २०१७ मध्ये आवाज न करता फोटो घेणारा सोनीचा ए-नाइन कॅमेरा आला, पुढे २०२१ मध्ये निकॉनने झेड-नाइनमधून यांत्रिक शटर काढूनच टाकलं. आता प्रार्थनेत, अंत्यविधीत, न्यायालयाच्या दारात आम्ही कुणाला त्रास न देता काम करू शकतो. माझ्या मते गेल्या कित्येक वर्षांतला हा सगळ्यात माणुसकीचा तांत्रिक बदल आहे.

निशिगंध

@सांजवात, पत्रकार परिषदेत आणि राष्ट्रप्रमुखांच्या भेटीत एकच फोटो सगळीकडे छापलेला दिसतो. सगळे फोटोग्राफर असताना असं का?

सांजवात

कारण सगळे नसतातच. खोली छोटी असते किंवा सुरक्षेचं कारण असतं, तेव्हा 'पूल' ठरतो. एक-दोन जणांनाच आत सोडतात आणि त्यांनी घेतलेले फोटो इतरांनाही मिळतात. पूलमध्ये असताना तुम्ही स्वतःच्या संस्थेसाठी राखून ठेवायचं नसतं. त्यामुळे जबाबदारी वाढते : तुमचा फोकस चुकला तर तो सगळ्यांचाच चुकला. आत कधी कधी अर्धा मिनिट मिळतो. हस्तांदोलन, बसणं, "थँक यू" असा आवाज, आणि बाहेर. आधी हस्तांदोलन, मग दोघांच्या चेहऱ्यांचे स्वतंत्र क्लोजअप, मग वेळ उरला तर खोली. हा क्रम पाठ असावा लागतो.

अक्षरवेडा

खूप शिकायला मिळतंय. मला विश्वासाचा मुद्दा काढायचा आहे. हल्ली कोणताही फोटो पाहिला की पहिला विचार 'हा खरा का?' असाच येतो. एजन्सी यावर काय करतात? नुसतं "आमच्यावर विश्वास ठेवा" एवढंच?

छायाप्रकाश

@अक्षरवेडा, हा मला या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा वाटतो.

नियम साधा आहे. क्रॉप, उजेड-रंग वाजवी प्रमाणात सारखे करणं, सेन्सरवरच्या धुळीचा डाग काढणं, एवढं चालतं. फ्रेममध्ये काही घालायचं नाही, काही काढायचं नाही. २००६ मध्ये बैरुतवरच्या बॉम्बहल्ल्याच्या एका फोटोत धूर क्लोन करून (त्याच फोटोतला तुकडा पुन्हा पुन्हा डकवून) वाढवलेला सापडला, तेव्हा रॉयटर्सने त्या फ्रीलान्सरचे सगळे, म्हणजे ९२० फोटो आपल्या संग्रहातून काढून टाकले. जानेवारी २०१४ मध्ये एपीने पुलित्झर विजेत्या चमूतल्या एका फ्रीलान्सरशी संबंध तोडले. सीरियातल्या एका फोटोच्या कोपऱ्यात सहकाऱ्याचा व्हिडिओ कॅमेरा दिसत होता, तो त्याने पुसला होता. बातमीच्या दृष्टीने त्या कॅमेऱ्याला काही महत्त्व नव्हतं. लोकांना ही शिक्षा फार कडक वाटली. मला ती योग्य वाटते, कारण 'बिनमहत्त्वाचं पुसलं तर चालेल' असं एकदा म्हटलं की महत्त्व ठरवायचं कुणी, हा प्रश्न दर फोटोला उभा राहतो.

२०१५ मध्ये रॉयटर्सने फ्रीलान्सरांना सांगितलं की रॉ फाइलवरून (सेन्सरच्या कच्च्या माहितीवरून) नंतर तयार केलेले फोटो पाठवू नका, कॅमेऱ्यातून तयार होऊन निघालेली जेपेग फाइलच पाठवा. वेग आणि विश्वासार्हता, दोन्हींसाठी.

आणि प्रश्न फक्त आपल्या फोटोग्राफरांचा नसतो. कार्यालयांनी, राजघराण्यांनी, पक्षांनी स्वतः काढून पाठवलेले फोटोही एजन्सी पुढे देतात. १० मार्च २०२४ ला वेल्सच्या युवराज्ञीचा (केटचा) मुलांसोबतचा फोटो केन्सिंग्टन पॅलेसने दिला. मुलीच्या बाहीपाशी जोड नीट जुळत नव्हता. त्याच रात्री एपी, रॉयटर्स, एएफपी आणि गेटी या चौघांनी तो मागे घेतला. अशा आदेशाला आमच्याकडे 'किल' म्हणतात : सगळ्या ग्राहकांनी फोटो ताबडतोब काढावा, पुन्हा वापरू नये. इतक्या मोठ्या घराण्याच्या फोटोवर इतक्या झटपट किल निघाला, याचा मला एक डेस्कवाला म्हणून अभिमान वाटला.

आता फोटोला जन्मतःच डिजिटल सही देण्याची सोय कॅमेऱ्यात येऊ लागली आहे. २०२३ मध्ये आलेल्या लायका एम-इलेव्हन-पी मध्ये ती अंगभूत होती, इतर कंपन्याही त्या वाटेवर आहेत. मदत होईल. पण सही फक्त एवढंच सांगते की फाइल बदललेली नाही. कॅप्शन खोटं असेल तर सही काय करणार?

चौकट

मध्येच एक माहिती देतो. रॉकेट उड्डाणाच्या वेळी तळाजवळ कुणालाच थांबू देत नाहीत. म्हणून फोटोग्राफर आधीच कॅमेरे लावून येतात आणि इंजिनाच्या आवाजाने शटर सुरू होईल असा सेन्सर जोडतात. लेन्सवर दव पडू नये, धूर-वाळू लागू नये म्हणून आवरणं घालतात. २२ मे २०१८ ला व्हॅन्डेनबर्गहून फाल्कन-९ उडालं तेव्हा नासाचे बिल इंगल्स यांचा एक कॅमेरा वितळला. गंमत अशी की जळाला तो तळापासून सगळ्यात लांब ठेवलेल्यांपैकी एक, वणव्यामुळे. जवळचे शाबूत. कार्ड वाचलं आणि आग जवळ येतानाच्या फ्रेम मिळाल्या.

छायाप्रकाश

@चौकट, वा, उत्तम भर. यातच मी ताहितीची गोष्ट जोडतो. २९ जुलै २०२४, तेआहुपो, ऑलिंपिक सर्फिंग. पॅरिसपासून जवळजवळ १६ हजार किलोमीटर. ब्राझीलचा गॅब्रिएल मेदिना हवेत ताठ उभा, बोट वर, आणि शेजारी त्याचा बोर्डही तसाच उभा. एएफपीचा जेरोम ब्रुइये लाटेच्या मागच्या बाजूला नावेत होता. तिथून लाटेवरचा मेदिना दिसतच नव्हता. पण लाट चांगली गेली तर तो मागच्या बाजूने उसळून आनंद साजरा करणार, हे ब्रुइयेला ठाऊक होतं. तो उसळला, चार फ्रेम मिळाल्या, त्यातली एक ही. फोटो आपोआप संपादकांकडे गेले. तो पुढच्या लाटांच्या मागे लागला, आणि आपला फोटो जगभर फिरतोय हे त्याला नंतर फोन बघितल्यावर कळलं. तिकडे डेस्कवर ढिगातून ती फ्रेम कुणीतरी उचलली होती. त्या माणसाचं नाव फोटोखाली येत नाही, म्हणून इथे आठवण.

रानवारा

माझं बरंचसं समाधान झालं. एक टोचतं तेवढं सांगतो. हरलेला खेळाडू जमिनीवर बसून रडतोय आणि वीस लेन्स त्याच्या चेहऱ्यावर. हे पाहवत नाही. तिथे थांबावंसं वाटत नाही का?

सांजवात

वाटतं. माझी रीत अशी की दुरून घेते. लांब लेन्स असताना चेहऱ्यापाशी जाऊन बसायची गरज नसते. दोन-चार फ्रेम झाल्या की कॅमेरा खाली. खेळाडू जाहीर मैदानात आहे, हरणं हा त्या सामन्याचाच भाग आहे, तो दाखवायला हवा. पण प्रेक्षकांतला एखादा दुःखी नातेवाईक, लहान मूल, बेशुद्ध पडलेला माणूस, यांनी कॅमेऱ्यासमोर यायचं ठरवलेलं नसतं. तिथे मी स्वतःहून थांबते, आणि काढला गेलाच तर डेस्कला स्पष्ट लिहिते की हा वापरू नये असं माझं मत आहे.

टेकडीवरचा

सांजवात यांच्याशी सहमत. मी मात्र काढून ठेवण्याच्या बाजूचा. मैदानावर निर्णय घ्यायला वेळ नसतो. आधी काढावा, छापायचा का नाही ते डेस्कने शांत डोक्याने ठरवावं. न काढलेला फोटो नंतर कुणालाच मिळत नाही, आणि कधी कधी तोच पुढे पुरावा असतो.

सांजवात

@टेकडीवरचा, तुमच्या काळी डेस्कला शांत डोकं ठेवायला काही तास मिळायचे. आता दोन मिनिटं मिळतात. म्हणून निर्णय मैदानाकडे सरकलाय असं मला वाटतं. यावर आपलं एकमत नाही झालं तरी चालेल.

कोवळीपालवी

नवीन सदस्य, पहिलाच प्रतिसाद. पत्रकारितेचं शिक्षण घेतेय आणि हेच काम करायचं आहे. ४०० एमएम लेन्स घेण्याची ऐपत नाही. सुरुवात कशी करू?

टेकडीवरचा

@कोवळीपालवी, स्वागत. लेन्स विकत घ्यायच्या भानगडीत पडू नका, लागेल तेव्हा भाड्याने घ्या. मोठ्या स्पर्धांना कॅनन, निकॉन, सोनी यांचे मदतकक्ष असतात. तिथे अधिस्वीकृतीधारकांना लेन्स उसन्या मिळतात, दुरुस्तीही होते. पाठही सांभाळा. कॅननची पहिली आयएस (हाताचं कंपन सावरणारी) ४०० एमएम एफ २.८ लेन्स ५.३७ किलोची होती, २०१८ ची तिसरी आवृत्ती २.८४ किलोची. आमच्या पिढीच्या कमरा त्या फरकाची साक्ष देतील. आणि काम घेताना तीन गोष्टी लेखी घ्या : हक्क कुणाचा, पैसे कधी, आणि सामान फुटलं तर भरपाई कुणाची.

छायाप्रकाश

@कोवळीपालवी, मोठ्या सोहळ्याची वाट पाहू नका. जिथे कुणी फोटोग्राफर फिरकत नाही अशा लहान स्पर्धा, सभा, शाळांचे सामने गाठा. तिथे जागा मोकळी मिळते आणि आयोजक सहसा नाही म्हणत नाहीत. साधी ७०-२०० लेन्स पुरते.

फोटोपेक्षा कॅप्शनचा सराव आधी करा. सामना सुरू व्हायच्या आत दोन्ही संघांची यादी मिळवा, नावांचं स्पेलिंग खेळाडूला किंवा प्रशिक्षकाला विचारून पक्कं करा, जर्सीचे नंबर पडताळा. कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर लावा, म्हणजे कोणती फ्रेम कोणत्या मिनिटाची हे नंतर कळतं. संपल्यावर घड्याळ लावून बसा : अर्ध्या तासात पाच फोटो निवडायचे, प्रत्येकाखाली कोण, काय, कुठे, कधी हे एका वाक्यात, आणि पार्श्वभूमी दुसऱ्या वाक्यात. ओळख पटली नाही तर अंदाजाने नाव लिहायचं नाही, तो फोटो बाजूला ठेवायचा. असे पाच-पाच फोटोंचे संच घेऊन डेस्ककडे जा. मी डेस्कवर असताना नवीन माणसाचं काम आलं की आधी कॅप्शन वाचायचो, मग फोटो बघायचो. इथे तुमचा पहिला संच टाकलात तर मी आणि सांजवात दोघंही त्यावर सविस्तर लिहू.